थारचा हार्डटॉप घरच्या पोर्चमध्ये उतरवण्यासाठी दोन चेन कप्प्यांची चौकट

इंदूरच्या हवेत उघड्या जीपची खरी मजा दसऱ्यापासून होळीपर्यंत. मांडूचा घाट, चोरलचा रस्ता, जानापावची पहाटेची थंडी, हे सगळं छताखाली बसून बघण्यात काय अर्थ आहे? मग ऊन तापलं की टॉप, म्हणजे वरचं सुटं कडक छत, परत हवासा वाटतो आणि मृग लागायच्या आत तर तो बसलेलाच पाहिजे. म्हणजे वर्षातून दोनदा काढ-घाल. आपल्याकडे हे काम बहुतेक जण शेजारची चार माणसं बोलावून करतात आणि टॉपचं नुकसान नेमकं त्याच वेळी होतं. एका कोपऱ्याचा हात सुटतो, टॉप पिळला जातो आणि मागच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून फायबरला चीर जाते. ती चीर भरून निघते, पण तिथून पाणी झिरपणं काही थांबत नाही. त्यापेक्षा पोर्चमध्ये लोखंडी चौकट उभी करायची, दोन चेन कप्प्यांनी (साखळी ओढून वजन उचलायच्या यंत्रांनी) टॉप वर घ्यायचा आणि खालून गाडी बाहेर काढायची.

हा लेख २०१० ते २०१९ मधल्या महिंद्राच्या जुन्या थार जीपसाठी आहे. ती गाडी कापडी छताने आली आणि मालकांनी तिच्यावर बाजारातून फायबरचे टॉप बसवून घेतले. बोल्टने बसवलेला सुटा टॉप असलेल्या इतर जीपनाही तीच रीत चालते, फक्त मापं आपली घ्यावी लागतील. २०२० नंतरच्या नव्या थारचं कारखान्यातून आलेलं कडक छत मात्र काढ-घालीसाठी बनवलेलं नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक गोष्ट आधीच तपासा. आरसीवर बॉडीचा जो प्रकार नोंदवलेला आहे त्यापेक्षा गाडीचं रूप बदलणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतं. कागद बघून घ्या आणि मगच लोखंड आणायला निघा.

आधी गाडीचं तोंड ठरवा

टॉप किती उंच उचलावा लागेल, यावर सगळा खर्च आणि सगळी धास्ती अवलंबून असते. आणि ही उंची गाडी कुठल्या तोंडाने लावली आहे यावर ठरते.

टॉप म्हणजे वर छत, दोन बाजूच्या भिंती आणि एक मागची भिंत. पुढची बाजू उघडी, कारण तिथे गाडीची काच असते. गाडी पोर्चमध्ये नाक आत घालून लावली, तर बाहेर काढताना ती मागे येणार. म्हणजे पुढची काच टॉपच्या मागच्या भिंतीखालून सरकली पाहिजे आणि त्यासाठी टॉपची खालची कड काचेच्याही वर, दोन मीटरच्या पुढे न्यावी लागेल. त्यावर टॉपची स्वतःची उंची, त्यावर कप्पी. आपल्या दहा फुटी स्लॅबखाली हे बसतच नाही.

तीच गाडी मागे घेत लावा, नाक फाटकाकडे. आता बाहेर पडताना ती पुढे जाते. काच टॉपपासून लांब सरकते. सीट, रोल बार (सीटच्या मागची लोखंडी कमान), मधलं सगळं टॉपच्या पोकळीतून पुढच्या उघड्या तोंडाने बाहेर निघतं. टॉपने फक्त दोन गोष्टी ओलांडायच्या: बॉडीच्या बाजूची कड आणि मागच्या फाटकावरचं स्टेपनीचं चाक. स्टेपनी आधीच काढून ठेवली, तर साधारण ३० सेंटीमीटर उचल पुरते. परत येतानाही तसंच, गाडी मागे घेत लटकलेल्या टॉपच्या पोकळीत शिरवायची.

त्यासाठी गाडी दर वेळी त्याच रेषेत आली पाहिजे. पोर्चमध्ये गाडी सरळ उभी करा, चारही चाकांच्या आतल्या बाजूने फरशीवर रंगाने रेषा मारा आणि मागच्या चाकांना अडवायला लाकडाची जाड पट्टी ठोका. पुढची सगळी मापं या उभ्या गाडीवरूनच घ्यायची.

आता उंचीचा हिशेब. टॉपसकट जुनी थार साधारण २ मीटर उंच. ३० सेंटीमीटर उचल धरली की २.३. छताच्या वर आडवा दांडा आणि त्याची कडी मिळून १५ ते १८ सेंटीमीटर. अर्धा टनाची चेन कप्पी पूर्ण आवळली, तरी वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत ३० सेंटीमीटरच्या आसपास जागा खाते. त्यावर तिला टांगायची पकड आणि बीम, आणखी १०. बेरीज २.९ मीटरला येते. पोर्चचा स्लॅब ३.०५ मीटरवर असेल तर बसलं. पण स्लॅबच्या खाली लोंबणारे आरसीसी बीम विसरू नका, ते फूटभर खाली येतात. आपली चौकट त्या बीमच्या मधल्या जागेत बसते का ते टेप लावून बघा. बसत नसेल तर या आराखड्याचा हट्ट सोडा. कमी उंचीत चार कोपऱ्यांवर चार पुली आणि भिंतीजवळ एक विंच (तार गुंडाळून ओढायचं चाक) अशी तारेची रचना चालते, पण तिची जुळवाजुळव बरीच किचकट आहे.

स्लॅबला का टांगायचं नाही

सगळ्यात आधी सुचतं ते हेच: स्लॅबला चार फास्टनर मारा, हुक लावा, काम झालं. वजन तर ऐंशीएक किलोच आहे, स्लॅब ते सहज झेलेल. स्लॅब झेलेलही, फास्टनरचा भरवसा नाही.

स्लॅबची खालची बाजू ताणात असते. तिथल्या काँक्रीटला केसाएवढ्या बारीक चिरा असतातच आणि तो ताण घेण्यासाठीच सळया खालच्या बाजूला घातलेल्या असतात. फास्टनर भोकाच्या भिंतीवर फुगून पकड धरतो. त्याच भोकातून चीर गेली की पकड सैल होते. चार-पाच इंची स्लॅबमध्ये पोकळ जागा, सळईला लागून तिरकं गेलेलं ड्रिल, वरचं जाड प्लास्टर असं काहीही निघू शकतं आणि खालून बघून ते कळत नाही. पंखा टांगणं वेगळं, त्याचा हुक स्लॅब भरतानाच सळईला अडकवलेला असतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की टॉपचं वजन जमिनीत उतरलं पाहिजे. चार खांब, वर दोन बीम, कप्प्या बीमला. फरशीवर फक्त दाब येतो, ओढ कुठेच नाही. हिशेब करून बघा. टॉप ८० किलो, दोन कप्प्या २०, आडवे दांडे आणि पट्टे २०, चौकट स्वतः १६०. एकूण २८० किलो. चार खांबांत वाटलं तर प्रत्येकाखाली ७० किलो, म्हणजे तिथे एक माणूस उभा राहावा इतकंच. आपल्या घरांतला कोटा स्टोन एवढा भार न कुरकुरता घेतो.

माळव्यातल्या काळ्या मातीचाही विचार यात आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पोर्चची फरशी दर वर्षी थोडी वर-खाली होते. खोल पाया न घेतलेले सुटे चार खांब त्याबरोबर चार दिशांना कलतील. म्हणून एका बाजूचे पुढचे-मागचे खांब खालून एकाच आडव्या पाईपवर उभे करायचे, म्हणजे हलले तरी जोडीने हलतात.

वजन आणि उचलण्याच्या जागा

लोखंड घेण्याआधी टॉपचं वजन माहीत पाहिजे. बाजारातले फायबरचे टॉप एकसारखे नसतात. कुणी आतून लाकूड घालतो, कुणी लोखंडी पट्टी, वर कॅरियर असेल तर आणखी भर. सगळे बोल्ट काढा, दोघांनी पुढची कड जेमतेम उचलायची आणि काच-चौकटीच्या शेजारी, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवायची. आकडा लिहून घ्या. मग मागची कड तशीच. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे वजन, आणि कुठली बाजू जड तेही कळतं. इथला सगळा हिशेब १०० किलोपर्यंतच्या टॉपसाठी आहे. कॅरियर, जाळी, जास्तीचे दिवे आधी काढून ठेवा.

टॉप धरायचा कुठे, हे चौकटीच्या आधी ठरवायचं, कारण बीम बरोबर त्या जागांच्या वर यायला हवेत.

पुढच्या बाजूला छताच्या खालून, दोन्ही दारांच्या वरच्या मोकळ्या जागेतून आरपार जाणारा एक दांडा घालायचा. ४०×४० मिमीचा चौकोनी पाईप, वर जाड रबर किंवा जुन्या गादीचा फोम गुंडाळलेला. टॉपचा पुढचा भाग त्यावर टेकतो. दोन्ही टोकं बाहेर १०-१० सेंटीमीटर निघाली पाहिजेत आणि टोकाला एकेक पत्रा वेल्ड केलेला हवा, म्हणजे पट्टा घसरून सुटणार नाही. दांडा आणि रोल बार यांच्यात जागा राहते का तेही आत्ताच बघून घ्या.

मागच्या बाजूला टॉप बॉडीच्या कडेवर ज्या बोल्टने बसतो, त्यांतली सगळ्यात मागची डावी-उजवी भोकं वापरायची. ६ मिमी पत्र्याचा एल आकाराचा तुकडा त्याच भोकातून बोल्टने घट्ट करायचा आणि त्याच्या बाहेर आलेल्या कानाला शॅकल (बोल्टने बंद होणारी यू आकाराची कडी) लावायची. फायबर आणि लोखंड यांच्यात दोन्ही बाजूंनी रबर आणि मोठा वॉशर हवाच. फायबर सगळीकडून दाबलेलं चालतं, एका ठिपक्यावर आलेला भार त्याला सोसत नाही. बोल्टच्या भोवतीच चिरा का पडतात, याचं उत्तर हेच आहे.

नुसते पट्टे छतावरून गुंडाळून, वर एका हुकाला बांधून टॉप उचलण्याचा मोह होतो. तसं करू नका. पट्टे तिरके आले की दोन्ही बाजूच्या भिंती आत दाबल्या जातात आणि खिडकीची काच तडकते. म्हणून छताच्या वर टॉपपेक्षा रुंद असा दांडा हवा. त्याच्या टोकांपासून पट्टे सरळ खाली येतात आणि टॉपला बाजूने स्पर्शही करत नाहीत. ४०×४०×३ मिमीचा १.९ मीटर लांब पाईप यासाठी पुरतो. असे दांडे दोन, एक पुढे, एक मागे.

चौकट

सामान सियागंज आणि लोहामंडीत मिळून जातं. पाईप किलोच्या भावाने मिळतो आणि सहा मीटरच्या नगात येतो. मागायचा ६०×६० मिमी, जाडी ३ मिमी. जाडी कॅलिपर लावून मोजूनच घ्या. २ मिमीचा पाईप हातात फारसा वेगळा लागत नाही, पण हा सगळा हिशेब ३ मिमीवर उभा आहे. ३ मिमीचा पाईप मीटरला साधारण ५.४ किलो भरतो, म्हणजे एक नग ३२ किलोच्या आसपास. काट्यावर वजन कमी आलं तर जाडी कमी आहे.

पाच नग लागतात. दोन नगांतून २.७५ मीटरचे चार खांब. तिसऱ्यातून २.९ मीटरचे दोन आडवे बीम. चौथ्या आणि पाचव्या नगातून प्रत्येकी १.८ मीटरचे दोन तुकडे, म्हणजे खालचे दोन आणि वरचे दोन लांबीचे पाईप. उरलेल्या दोन तुकड्यांतून ५६ सेंटीमीटरचे आठ तिरके आधार निघतात. १.८ मीटर हे माप तुमच्या टॉपच्या पुढच्या दांड्यापासून मागच्या कानांपर्यंतच्या अंतराप्रमाणे बदला. वरचा बीम थेट उचलण्याच्या जागेच्या डोक्यावर आलाच पाहिजे.

२.९ मीटरचा बीम का? जुनी थार १.७३ मीटर रुंद. खांबांच्या आत साधारण २.७८ मीटर मोकळी जागा मिळते, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा मीटर. पुढची कमान, म्हणजे पुढचे दोन खांब आणि त्यांवरचा बीम, दारांच्या जवळ येते आणि ड्रायव्हरला दार उघडून बसायला इतकी जागा लागतेच.

हा बीम किती भार घेतो? २.८ मीटरच्या गाळ्यात मधोमध १०० किलो टांगले, तर ६०×६०×३ चा पाईप साधारण ६ मिमी झुकतो आणि लोखंडावरचा ताण त्याच्या कायम वाकण्याच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याइतका येतो. प्रत्यक्षात एका बीमवर टॉपचं अर्धंच वजन अधिक कप्पी येते. मला ही मोकळीक हवी असते, कारण साखळीच्या प्रत्येक ओढीला भार थोडा झटका देतो. बीमच्या मध्यावर भोक पाडून हुक लावू नका, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. ५०×८ मिमीची पट्टी यू आकारात वाकवून बीमवर बसवायची आणि तिच्या दोन पायांतून, बीमच्या खालून, १६ मिमीचा बोल्ट घालायचा. कप्पीचा वरचा हुक त्या बोल्टवर. पट्टी घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना सळईचे छोटे तुकडे वेल्ड करा.

जोड नट-बोल्टचे ठेवा. खांबाच्या वरच्या टोकाला आणि बीमच्या खाली १२०×१२०×८ मिमीच्या प्लेट वेल्ड करायच्या आणि दोन्ही प्लेट चार-चार १२ मिमी बोल्टने आवळायच्या. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉकचे, म्हणजे आपोआप ढिले न होणारे. म्हणजे चौकट उद्या खोलून भिंतीला लावून ठेवता येते. खांब खालच्या १.८ मीटरच्या पाईपवर उभे आणि तिथेच वेल्ड.

तिरके आधार कुणी गाळू नये. ते नसले तर चौकट उभी राहते, पण बाजूने ढकलली की डुलते आणि सगळा भार चार जोडांच्या वेल्डिंगवर येतो. प्रत्येक वरच्या कोपऱ्यात दोन आधार: एक आडव्या बीमच्या दिशेने, एक लांबीच्या दिशेने. कोपऱ्यापासून ४० सेंटीमीटर खाली आणि ४० सेंटीमीटर बाजूला, म्हणजे ४५ अंशाचा कोन आपोआप येतो.

वेल्डिंग स्वतःला सफाईने येत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. पीथमपूरच्या कारखान्यांमुळे इंदूरमध्ये चांगले कारागीर भरपूर आहेत. त्यांना कागदावर काढलेली मापं द्या आणि हे वजन उचलायचं काम आहे, गेट नाही, हे स्पष्ट सांगा. गेटला ठिपक्या-ठिपक्याचं वेल्डिंग चालतं. इथे प्रत्येक जोडाला चारही बाजूंनी सलग वेल्ड हवं. नंतर घासून रेड ऑक्साइड आणि रंग. पाईपची उघडी टोकं बंद करा, नाहीतर आत पाणी साचून गंज आतून खातो.

चौकट उभी केली की खालच्या पाईपखाली रबराचे तुकडे देऊन लेव्हल करा. प्रत्येक खालच्या पाईपला दोन फास्टनर पुरतात. त्यांचं काम फक्त चौकट सरकू न देण्याचं. कोट्याची फरशी हॅमर ड्रिलने तडकते, आधी ठोका बंद ठेवून फरशी पार करा, मग खालच्या काँक्रीटसाठी ठोका चालू करा.

कप्प्या, पट्टे, साखळ्या

अर्धा टनाच्या दोन हाताच्या चेन कप्प्या घ्या. आपल्या वजनाला त्या कितीतरी जास्त आहेत, पण बाजारात सहज मिळणारी लहान आणि खात्रीची कप्पी हीच. हिच्यात भार-ब्रेक आतच असतो. हातसाखळी सोडली की भार जागच्या जागी थांबतो आणि खाली आणायला साखळी उलटी ओढावीच लागते. आयएस ३८३२ हे या कप्प्यांचं भारतीय मानक. हुकाला सुरक्षा-पट्टी असलेली आणि क्षमता कोरलेली कप्पी बघून घ्या. वर्षातून दोनदाच काम असेल, तर भाड्याने आणण्यातही काही वावगं नाही, मात्र भाड्याच्या कप्पीचा हुक फाकलेला नाही ना आणि साखळीची कडी झिजलेली नाही ना, हे तिथेच बघायचं.

जीप ओढायला मिळते ती दातेरी चाकाची स्वस्त हँड विंच इथे चालणार नाही. ती ओढण्यासाठी असते. खाली सोडताना तिचा खटका उचलावा लागतो आणि हात निसटला की हँडल गरगर फिरून मनगट मोडतं. विंचच वापरायची असेल, तर स्वयंचलित ब्रेकची. छोटे इलेक्ट्रिक होइस्टही मिळतात, पण त्यांची चालू-बंदची उडी मोठी असते. टॉप बसवताना शेवटचे दोन सेंटीमीटर हळूहळू सोडायचे असतात, ते हातसाखळीवर जितकं नेमकं जमतं तितकं बटणावर जमत नाही.

एकच कप्पी मधोमध लावून का नाही? टॉप पुढे-मागे कलतो आणि नेमका तोलाचा बिंदू शोधत बसावं लागतं. दोन कप्प्या असल्या की पुढची बाजू वेगळी, मागची वेगळी सोडता येते आणि परत बसवताना हे फार उपयोगी पडतं.

पट्टे पॉलिएस्टरचे, जांभळ्या रंगाचे घ्या. या पट्ट्यांत जांभळा म्हणजे १ टन. चार पट्टे, पुढचे दोन आपसात सारख्या लांबीचे आणि मागचे दोन आपसात. सामान बांधायचे नायलॉनचे पट्टे आणि सुताची दोरी इथे नको. शॅकल चार, प्रत्येकी १ टनाच्या. आणि ६ मिमीच्या ग्रेड ८० साखळीचे दोन तुकडे, त्यांचं काम पुढे येतं. गेटची साधी साखळी यासाठी घेऊ नका, तिच्या कड्या नुसत्या वाकवून जोडलेल्या असतात.

आधी गोण्या, मग टॉप

टॉपला हात लावण्याआधी रिकाम्या पोर्चमध्ये चाचणी घ्या. वरच्या दांड्याच्या प्रत्येक टोकाला पट्ट्यात ५० किलोची सिमेंटची गोणी, वरून जाड गोणपाट गुंडाळून टांगा. म्हणजे एका कमानीवर १०० किलो, टॉपच्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट. जमिनीपासून दहा सेंटीमीटरच वर उचला. गोण्यांपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजून लिहा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी पुन्हा मोजा. अंतर कमी झालं असेल तर कप्पीचा ब्रेक घसरतोय, ती परत करा. बीमच्या टोकांना दोरा बांधून झुकाव बघा. गोण्या उतरवल्यावर बीम पूर्ण सरळ झाला पाहिजे. सगळ्या वेल्डच्या कडेने रंगाला चीर गेली आहे का ते टॉर्च लावून बघा. मग तेच दुसऱ्या कमानीवर. बोल्ट पुन्हा एकदा आवळा, पहिल्या भारानंतर ते थोडे ढिले होतातच.

उतरवण्याचा दिवस

दोन माणसं हवीत, एकेका कप्पीवर एक. तिसरं कुणी असेल तर त्याने फक्त बघायचं आणि ‘थांबा’ म्हणायचं. मुलांना घरात ठेवा. आणि वाऱ्याच्या दिवशी काम काढू नका. टॉप म्हणजे मोठं शीड, हलक्या झुळकेलाही लटकल्यावर फिरतो.

गाडी रेषेत, हँडब्रेक ओढलेला, स्टेपनी उतरवलेली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आतला दिवा, मागचा वायपर, वरचा ब्रेक लाइट, ज्या वायरी टॉपमध्ये जातात त्या सगळ्या सोडवा आणि प्रत्येक जोडाला कागदी टेप लावून नाव लिहा. बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं असलं तर सकाळ सोपी जाते. बोल्ट काढताना ते काढले त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, लांबी प्रत्येकाची सारखी नसते.

टॉप आणि बॉडीच्या मध्ये बहुधा सिलिकॉन भरलेलं असतं. ते चाकूने कापू नका, रंग जातो. मासेमारीची जाड नायलॉन दोरी दोघांनी दोन टोकं धरून करवतीसारखी मागे-पुढे ओढत न्या, साफ कापलं जातं.

पुढचा दांडा घाला, मागचे कान बोल्टने लावा, पट्टे अडकवा. दोन्ही कप्प्या पट्टे ताठ होईपर्यंतच ओढा. आता मागची कप्पी थोडी ओढा, मागची कड दोन सेंटीमीटर वर. थांबा. चारही पट्टे ताठ आहेत का? कुठे टॉप अजून चिकटलेला आहे का? कुठली वायर राहिली का? मग पुढची दोन सेंटीमीटर. इथून पुढे दोघांनी आळीपाळीने, एका वेळी पाच सेंटीमीटर. दारांना वर चौकट असेल तर दांडा तिच्यावर येईपर्यंत दारं उघडीच ठेवा, नंतर बंद करा.

तीस सेंटीमीटरवर पोचलं की साखळ्या लावायच्या. बीमवरून फिरवून वरच्या दांड्याच्या कडीला शॅकलने जोडायच्या, ढिलाई जेमतेम राहील अशा. मग दोन्ही कप्प्या किंचित सोडा, भार साखळ्यांवर आला पाहिजे. हे झाल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही. उचलणं कप्पीचं काम, धरून ठेवणं साखळीचं. मग बॅटरीची वायर परत जोडायची, एकाने गाडीत बसून स्टिअरिंग सरळ धरायचं आणि पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर, रेषेवरून हळू पुढे यायचं. दुसऱ्याने मागून रोल बार आणि पुढचा दांडा यांच्यातल्या जागेवर नजर ठेवायची.

टॉप लटकलेला असताना

कप्प्यांच्या हातसाखळ्या गुंडाळून खांबावर उंच बांधा. लोंबणारी साखळी मुलांच्या हाताला लागली की ती ओढली जातेच. टॉपच्या चारही बाजूंनी खांबांना दोऱ्या बांधा, घट्ट नाही, फक्त झोके थांबवण्यापुरत्या. काचा पूर्ण बंद, वरून सुती चादर. प्लॅस्टिक झाकू नका, आत ओल धरते आणि रबराच्या पट्ट्या चिकट होतात.

टॉपवर सामान ठेवायची सवय लागते, कारण छान मोकळी जागा दिसते. दिवाळीची पणत्यांची पेटीसुद्धा ठेवू नका. आणि खाली बसून गाडीचं काम करायचं असेल तर आधी गाडी बाहेर काढा.

पोर्चमध्ये दुपारचं ऊन थेट येत असेल तर पट्ट्यांवर कापड गुंडाळा. पॉलिएस्टर उन्हाने हळूहळू कमजोर होतं आणि ते वरून दिसत नाही. रंग फिका पडलेला, कड उसवलेली किंवा पृष्ठभाग खरखरीत झालेला पट्टा फेकून द्या. पावसाळा संपला की खांबांना लेव्हल लावून बघा. काळ्या मातीने एक बाजू उचलली असेल तर खालच्या पाईपखालचं रबर कमी-जास्त करून चौकट पुन्हा ओळंब्यात आणा.

परत बसवताना

जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा आणि कडेवर नवीन रबरी पट्टी लावा. गाडी मागे घेत रेषेवरून आत आणा, मागची चाकं लाकडी पट्टीला टेकली की थांबा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची वायर काढा, दारं उघडा. आता कप्प्या किंचित वर ओढा, साखळ्या सुटतील.

मग उलट क्रम: आधी पुढची बाजू काच-चौकटीवर अगदी टेकेपर्यंत, नंतर मागची. खाली येताना टॉप थोडा तिरपा वाटला तर हाताने ढकलू नका, त्या बाजूची कप्पी दोन कड्या वर घेऊन पुन्हा सोडा. भोकं जुळतात का ते बोल्टने नाही, आधी स्क्रूड्रायव्हर घालून बघा. सगळे बोल्ट हाताने तीन-चार आटे फिरतील इतकेच लावा, एकही पक्का करू नका. मगच कप्प्या सैल सोडा आणि मागचे कान काढून तिथले मूळ बोल्ट घाला. पुढचा दांडाही याच वेळी, छत पूर्ण बसायच्या आत, बाहेर ओढायचा असतो. राहिला तर सगळं पुन्हा उचलावं लागतं.

आवळायला मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, डावा-उजवा आलटून-पालटून, दोन फेऱ्यांत. रबरी पट्टी अर्धी दबली की थांबा. त्यापुढे आवळलं तर पाणी जास्त थांबत नाही, फायबर मात्र बोल्टभोवती पांढरं पडायला लागतं. वायरी टेपवरची नावं बघून जोडा, बॅटरी लावा, दिवे तपासा. शेवटी नळाची बारीक धार छतावर, काचेच्या वरच्या कडेला आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्रत्येकी पाच मिनिटं सोडा आणि कुणालातरी आत कोरडं फडकं घेऊन बसवा. जिथे फडकं ओलं होईल तिथलाच बोल्ट अर्धा आटा फिरवा.